जर्मनीला शिकायला निघताना : पहिला प्रवास आणि पहिले दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये व्हिसे हातात पडू लागले की माझ्या फोनवर तेच प्रश्न यायला लागतात. काही मुलं विचारतात, काही मुली, आणि बरेचदा त्यांचे आईबाबा. मी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून ग्योटिंगेनला एम.एस्सी. करायला आले. तेव्हा मलाही हे सगळं कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

विमान कोणत्या तारखेचं काढावं?

तारखेच्या आधी वार बघा. हे मी पहिल्यांदा सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून मी बरोबर १ ऑक्टोबरला पोचेन असं विमान काढलं. तो शनिवार होता. वसतिगृहाची चावी हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे असते आणि तो फक्त कामाच्या दिवशी, ठरलेल्या तासांत भेटतो. रविवारी सगळं बंद. सोमवारी ३ ऑक्टोबर, जर्मनीच्या एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी. म्हणजे खोली माझ्या नावावर होती, तिचं भाडंही भरलेलं होतं, आणि मी मात्र मंगळवारपर्यंत बाहेर. आधी कधीही न भेटलेल्या एका मराठी ताईने तीन रात्री मला तिच्या खोलीत जमिनीवर गादी घालून दिली. ती नसती तर काय केलं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

तेव्हा मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी उतरेल असं विमान घ्या. वर्ग बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होतात, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर हातात चांगले दोन-तीन आठवडे मिळतात. तिकीट काढायच्या आधी हाउसमाइस्टरला मेल करा, 'मी अमुक दिवशी, इतक्या वाजता पोचेन, चावी कुठे मिळेल?' आणि लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट पक्कं करू नका. फाखहोखशूलमध्ये, म्हणजे उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात प्रवेश असेल, तर सेमिस्टर बहुधा सप्टेंबरमध्येच सुरू होतं, तेही तपासा.

थेट विमान चांगलं की आखातातून जाणारं?

पहिल्यांदा एकटे जात असाल तर थेट. मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिक साधारण नऊ तास. बॅगा मुंबईला दिल्या की थेट तिथे घ्यायच्या, मधे धावपळ नाही. मात्र हँबुर्ग किंवा बर्लिनला जाणार असाल तर दुबई-दोह्यावरून जाणारं विमान तुमच्याच शहरात उतरवतं, आणि दोन जड बॅगा घेऊन रेल्वे बदलण्यापेक्षा ते सोपं पडतं. मधला थांबा दोन तासांहून कमी ठेवू नका.

सामानात काय घ्यावं? खायचं काय चालतं?

इथे आईचं मन आणि युरोपचा कायदा समोरासमोर येतात. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. ताजी फळं, भाज्या आणि पालाही बिनकागदाचा चालत नाही, त्यामुळे हापूसची पेटी आणि परसातला ताजा कढीपत्ता घरीच राहू द्या. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, सुका मसाला खुशाल घ्या. डाळी, तांदूळ, पीठ किलोकिलोने भरू नका. विद्यापीठ असलेल्या जवळजवळ प्रत्येक शहरात एखादं आशियाई दुकान असतं, तिथे तूरडाळही मिळते.

खरंच उपयोगी पडलेल्या वस्तू सांगते. छोटा कुकर. दोन चादरी आणि एक पातळ गोधडी, कारण वसतिगृहाच्या खोलीत पलंग-गादी असते पण अंथरूण-पांघरूण बहुधा नसतं आणि पहिल्या रात्री ते आणायला दुकान उघडं असेलच असं नाही. नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. इथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, फक्त तीन पिनांचे प्लग बसत नाहीत, म्हणून दोन अडॅप्टर घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही.

जाड हिवाळी कोट भारतातून आणू नका. जागा खातो, आणि इथल्या थंडीला पुरतोही असं नाही. ऑक्टोबर निभेल एवढं जाकीट पुरे.

कोणती कागदपत्रं हाताशी ठेवायची?

पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या, दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या खात्याचा) दाखला, आरोग्यविम्याचा कागद, खोलीचा करार, मूळ गुणपत्रिका आणि पदवी. हे सगळं पाठीवरच्या बॅगेत, कधीही चेक-इनच्या बॅगेत नाही. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घ्या आणि स्कॅन फोनमध्ये अशा ठिकाणी ठेवा की इंटरनेट नसतानाही उघडेल. पासपोर्ट साइज फोटो घ्यायचे तर बायोमेट्रिक मापाचे घ्या.

विमानतळावर अधिकारी काय विचारतात?

काय शिकणार, कुठे, किती वर्षं, राहणार कुठे. कधी प्रवेशपत्र बघतात, कधी पैशाचा कागद. माझ्या पुढच्या मुलाला पाच मिनिटं थांबवलं आणि मला दोनच प्रश्न विचारून शिक्का मारला. घाबरायचं काही कारण नाही, शांतपणे खरं ते सांगा. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते, पण एवढी रोकड कुणी विद्यार्थी आणत नाही आणि आणूही नये.

विमानतळावरून आपल्या शहरात कसं पोचायचं?

विमान उतरलं म्हणजे प्रवास संपला, असं आपण धरून चालतो. माझा साताऱ्याच्या स्टँडपासून ग्योटिंगेनच्या प्लॅटफॉर्मपर्यंतचा प्रवास सत्तावीस तासांहून थोडा अधिक झाला, आणि त्यात सगळ्यात जास्त थकवा शेवटच्या टप्प्याने आणला. दोन रात्रींची अपुरी झोप, दोन बॅगा आणि कानावर पडणारी अनोळखी भाषा.

फ्रँकफर्ट विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, दुसरं जवळच्या. शहरातल्या मुख्य स्टेशनवर जायचं तर जवळच्या गाड्यांच्या स्टेशनवरून एस-बान, म्हणजे इथली लोकल पकडायची, पाव तासात पोचवते. इंटरसिटी एक्सप्रेस (ICE) हवी असेल तर लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन. पाट्यांवर फेर्नबानहोफ (लांब पल्ल्याचं) आणि रेगिओनालबानहोफ (जवळचं) हे दोन शब्द शोधा.

तिकिटाबद्दल नीट ऐका. महिनाभर आधी काढलेलं स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं आणि ती गाडी चुकली तर पैसे गेले. म्हणून पहिल्या दिवशी तरी कोणत्याही गाडीला चालणारं महागडं तिकीट घ्या, किंवा विमानाच्या तिकिटाबरोबरच 'रेल अँड फ्लाय' हे रेल्वेचं तिकीट मिळत असेल तर ते जोडून घ्या. जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. तिकीट आहे म्हणजे सीट आहे असं नाही. उशीर गाडीनेच केला, म्हणजे तुम्ही ठिकाणावर २० मिनिटांहून जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, तर ते बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी पकडता येते. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात असं ऐकून आपण येतो, पण २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. गाडी बदलायची असेल तर मधे निदान अर्धा तास ठेवा. तासभर उशीर झाला तर तिकिटाचा चौथा हिस्सा परत मिळतो, दोन तास झाला तर निम्मा.

प्लॅटफॉर्मवर अ पासून पुढे अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. आपला डबा कोणत्या अक्षरापाशी येणार ते फलकावर दिसतं, तिथेच जाऊन उभे राहा. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते आणि दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. मी बंद दारासमोर उभी होते, आणि मागच्या आजोबांनी काही न बोलता हात पुढे करून बटण दाबलं, माझी एक बॅग उचलून आत ठेवली आणि पुढे निघून गेले. जर्मनीत मला भेटलेला तो पहिला माणूस. मला धड 'डांके' (धन्यवाद) असंही म्हणता आलं नाही.

स्टेशनांवर फाटक नसतं, कुणी तिकीट बघत नाही, म्हणून विनातिकीट बसायचा मोह कुणाला झालाच तर सांगून ठेवते, पकडलं की शहरातल्या गाडीत ६० युरो दंड.

पोचल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं?

शांतता. मी जितक्या जणांना विचारलं, बहुतेकांनी हाच शब्द सांगितला.

आदल्या दिवशी घरातून निघाले तेव्हा नवरात्र चालू होतं. घट बसलेले, संध्याकाळची आरती, स्टँडवर कंडक्टरचा आवाज, पुढे मुंबईचे भोंगे. आणि सत्तावीस-अठ्ठावीस तासांनी मी अशा रस्त्यावर उभी होते जिथे माझ्या बॅगेची चाकंच काय ती वाजत होती. दगडी फरशीवरचा तो खडखड आवाज मला इतका मोठा वाटला की मी बॅग उचलून चालायला लागले. गाड्या होत्या, हॉर्न नव्हते. माणसं होती, आवाज नव्हते. कुत्रीसुद्धा मालकाच्या पायाशी गप्प चालत होती.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. पादचाऱ्यांचा दिवा लाल असताना रिकाम्या रस्त्यापुढे थांबलेली माणसं. नऊ-दहा वर्षांची, पाठीवर दप्तर घेऊन एकटी बसमध्ये चढणारी मुलं. थंडी नाकातून आत शिरते तेव्हा तिला एक वास असतो, ओल्या पानांचा आणि लोखंडाचा, तो मला तिथे पहिल्यांदा कळला. फुटपाथवर लाल पट्टा असतो, तो सायकलींचा. त्यावरून चाललात तर मागून घंटी वाजते, कधी दोन शब्दही ऐकायला मिळतात. मनाला लावून घेऊ नका, फक्त बाजूला व्हा.

सुरुवातीला ही शांतता अंगावर येते. रात्री झोप लागत नाही, कारण कानाला सवय असते पंख्याच्या घरघरीची, शेजारच्या टीव्हीची. मी आठवडाभर फोनवर घरच्या स्वयंपाकघरातला आवाज लावून झोपत होते. आईने भाकरी थापतानाचा तो आवाज मुद्दाम रेकॉर्ड करून पाठवला होता.

पहिल्या रात्री कशाची काळजी घ्यावी?

चावीची. इथली खोलीची दारं मागे ओढली की आपोआप बंद होतात आणि बाहेरून चावीशिवाय उघडत नाहीत. कचरा टाकायला म्हणून चप्पल घालून बाहेर गेलात आणि चावी आत राहिली, तर कुलूपवाल्याला बोलवावं लागतं, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्याचं बिल शेकड्यांच्या घरात जातं. चावी गळ्यात अडकवा, खिशात ठेवा, काहीही करा, पण अंगावरच असू द्या.

नळाचं पाणी थेट प्यायचं, अगदी न्हाणीघरातलंही चालतं. विकतच्या बाटल्या डोक्यावर वाहून आणू नका. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते आणि रविवारी ती दिवसभर पाळतात. मिक्सर किंवा व्हॅक्युम क्लीनर लावायचा तो शनिवारी.

आनमेल्डुंग म्हणजे काय? एवढा बाऊ का करतात?

बाऊ नाही, तो पाया आहे. आनमेल्डुंग म्हणजे आपण अमुक पत्त्यावर राहतो याची महापालिकेत केलेली नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते. हा नियम जर्मन नागरिकांनाही आहे. पासपोर्ट आणि घरमालकाने सही करून दिलेला एक फॉर्म न्यायचा, तुम्ही खरोखर तिथे राहता असं लिहून देणारा. भाडेकराराची प्रत त्या फॉर्मऐवजी चालत नाही, आणि बरेच जण इथेच अडतात. वसतिगृहात राहणाऱ्यांना तो फॉर्म कचेरीतून मिळतो, चावी घेतानाच मागून घ्या.

आता साखळी बघा. नोंद झाली की दाखला मिळतो. त्या पत्त्यावर काही आठवड्यांत टपालाने करओळख क्रमांक येतो. नोकरी लागली की तो क्रमांक मालक मागतो. बँका हा दाखला मागतात, आणि विद्यार्थ्याचा निवासपरवाना कोणत्या कचेरीतून निघणार तेही याच पत्त्यावरून ठरतं. म्हणजे पत्ता नाही तर काहीच पुढे सरकत नाही. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी' एवढ्यावर माणूस सापडतो. इथे पत्ता आधी आणि माणूस त्याच्यामागून.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हॉटेल किंवा प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये राहून पुढे बघू, असं करू नका. तिथला पत्ता या नोंदीला बहुधा चालत नाही. दुसरी इतकी साधी की कुणी सांगतच नाही. टपालपेटीवर तुमचं आडनाव लावा. पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. माझं बँकेचं कार्ड असंच परत गेलं आणि मी तीन आठवडे रोकडीवर काढले. कागदाच्या चिठ्ठीवर पेनाने आडनाव लिहून चिकटवलं तरी भागतं.

महापालिकेची वेळ घ्यावी लागते, तिला इथे सगळे 'टर्मिन' म्हणतात. भारतातूनच, निघायच्या दोन-तीन आठवडे आधी, ऑनलाइन टर्मिन शोधायला लागा. दोन आठवड्यांत मिळालंच नाही तर घाबरू नका, टर्मिन मागितल्याचा पुरावा जवळ ठेवा.

निवासपरवान्याचा अर्जही पहिल्याच आठवड्यात करा. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरलं जातं. परवाना हातात पडायला महिने लागले तरी चालतं, अर्ज मात्र उशिरा करून चालत नाही.

खोली मिळालीच नाही तर? ऑनलाइन पैसे पाठवावेत का?

'मी परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरियरने पाठवतो' असं जो म्हणेल त्याला एक युरोसुद्धा पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं कमी आणि घाई फार, ही फसवणुकीची ओळख. कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, त्याहून जास्त मागणाऱ्यापासूनही लांब राहा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र येताच, शक्य असेल तर त्याआधीच करा. रांग मोठी असते. खोली मिळेपर्यंत एखाद्याची खोली दोन-तीन महिन्यांसाठी उपभाड्याने घेता येते, फक्त घरमालकाची संमती आहे ना आणि नोंदीचा फॉर्म मिळेल ना, हे आधी विचारा.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे आहेत. मग रोख कशाला?

कारण ते पैसे पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. सध्या वर्षाला ११,९०४ युरो गुंतवून ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण ते मिळण्यासाठी आधी इथे आपलं चालू खातं लागतं आणि ते ब्लॉक्ड अकाउंटला जोडावं लागतं. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढ्यात पहिलं भाडं, अनामत, सेमिस्टर फी, अंथरूण, भांडी असे सगळेच खर्च एकदम येऊन आदळतात. फॉरेक्स कार्डवर निदान दीड-दोन महिन्यांचा खर्च आणि खिशात दोन-तीनशे युरो रोख ठेवा. लहान बेकरीत, आठवडी बाजारात अजूनही रोकड लागते.

सरकारी आरोग्यविमा तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना महिना सुमारे दीडशे युरोला पडतो. तो टाळून खासगी स्वस्त विमा घ्यायचा विचार असेल तर थांबा. एकदा सूट घेतली की त्या शिक्षणक्रमात परत सरकारी विम्यात येता येत नाही. आणि काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते. पत्र खरं असतं, फाडून टाकू नका. चारजण मिळून एक घर घेतलं असेल तर मिळून एकदाच भरायची.

दुकानं रविवारी खरंच बंद असतात?

हो. मोठ्या स्टेशनांतली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही बेकऱ्या सोडल्या तर सगळी. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवायची सवय लागते. ढकलगाडी सोडवायला एक युरोचं नाणं लागतं, पिशवी घरून न्यायची, आणि गल्ल्यावरची बाई वस्तू इतक्या झपाट्याने सरकवते की पहिल्या वेळी हात थरथरतात. सगळं परत गाडीत टाका आणि बाजूला जाऊन सावकाश भरा. पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घाला, पैशाची चिठ्ठी मिळते.

जर्मन येत नसेल तर निभतं का?

वर्गात निभतं, अभ्यासक्रम इंग्रजीत असेल तर. महापालिकेत, दवाखान्यात आणि हाउसमाइस्टरपुढे अडतं. ए-वन, ए-टू या जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या तरी घरूनच करून या. इथे आल्यावर वेळ मिळत नाही. पुण्याला किंवा मुंबईला माक्स म्युलर भवन आहे, तिथे जाता आलं तर उत्तम. आणि पहिल्या दिवसापासून 'हालो' आणि 'च्युस' मोठ्याने म्हणायला लागा. लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, दुकानात शिरताना-निघताना अनोळखी माणसंही म्हणतात. आपण गप्प राहिलो की ते उद्धट वाटतं, आणि मग आपल्याला वाटतं लोकच कोरडे आहेत. मला हे कळायला दोन महिने लागले.

वर्गातला पहिला दिवस कसा असतो?

वेळापत्रकात १० च्या पुढे सी.टी. लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, याला शैक्षणिक पाव तास म्हणतात. एस.टी. लिहिलं असेल तर दहा म्हणजे दहा. सव्वादहाला सर आले, दीड तास शिकवलं, आणि संपताच सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करू लागला. मी दचकले. काही चुकलं का? मग कळलं, इथे सरांना टाळ्या अशा वाजवतात. आता मीही वाजवते.

हजेरी बहुतेक ठिकाणी नाही. कुणी विचारत नाही, आणि त्यातच धोका आहे. परीक्षेला बसायचं असेल तर आपणच मुदतीत नाव नोंदवायचं, विसरलात तर सेमिस्टर गेलं. गुण उलटे असतात. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. घरी '१.७ मिळाले' असं सांगताना आधी हे समजावून ठेवा.

आल्याआल्या नोकरी मिळते का?

पहिल्या सेमिस्टरला धरून चालू नका. परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्ध्या दिवसांची आहे. विभागातच विद्यार्थी साहाय्यकाचं काम मिळालं तर सर्वांत चांगलं.

थंडी सोसेल का?

थंडी सोसते, कपडे असतात. जड जातो अंधार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे येतात आणि अचानक पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. डिसेंबरच्या शेवटी ग्योटिंगेनला सव्वाआठनंतर सूर्य उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. तेव्हा दुपारी जेवण झालं की कितीही अभ्यास असो, अर्धा तास बाहेर चालून या. आणि खोली उबदार ठेवताना दिवसातून दोनदा पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडा. आपण कुकर लावतो, फोडणी करतो, वाफ कोंडली की भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च आपल्याच माथी येतो.

मुलगी फोनवर रडते. आम्ही काय करावं?

हा प्रश्न आयांचा असतो, म्हणून त्यांनाच सांगते. काकू, रडू द्या. 'परत ये' असं लगेच म्हणू नका आणि 'एवढा खर्च केलाय' हे तर मुळीच म्हणू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण रडतात, मुलगेही, फक्त ते सांगत नाहीत. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. तिचं जेवण झालं की तुमची झोपायची वेळ होते. म्हणून रोज रात्री तिष्ठत बसण्यापेक्षा ठरलेली एक वेळ ठेवा. तिचा फोन एखादा दिवस नाही आला तर लगेच दहा फोन लावू नका. पण महिना उलटूनही ती जेवत नसेल, वर्गाला जात नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे मोफत समुपदेशन मिळतं, इंग्रजीतही बहुधा मिळतं. तिला तिथे जायला सांगा. आणि तिच्या फोनमध्ये हे तीन क्रमांक आहेत का ते विचारा : रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०, दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७.

पहिल्या रविवारी करायचं तरी काय?

सगळं बंद, ओळख कुणाशी नाही, खोलीत भिंती. बाहेर पडा आणि गाव पायी बघा. ग्योटिंगेनला जुन्या तटबंदीवरून गावाला वळसा घालणारी एक झाडांची वाट आहे. माझ्या पहिल्या रविवारी ताईने मला त्या वाटेवर नेलं. चालता चालता ती सांगत होती, फ्रांत्स कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे. तिथून ते १८८२ मध्ये या गावात प्राध्यापक म्हणून आले आणि १९०८ ला वारले तोवर इथेच होते. आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये याच विद्यापीठाने डॉक्टरेट दिली.

मला खोली मिळाली नव्हती, चावी मिळाली नव्हती, पेटीवर नाव नव्हतं. पण पुण्याहून इथवरची वाट बोटीच्या काळापासून मळलेली आहे हे ऐकून पायांत जरा बळ आलं. मंगळवारी चावी मिळाली. बुधवारी दसरा होता. ताईने दारावर लावायला तोरण म्हणून वाटेवरची पिवळी पानं दोऱ्यात ओवून आणली, आणि तिच्या डब्यात शिरा होता.